बाळंतिणीच्या खोलीतली सरळ रेघ

माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी धुळ्याहून जळगावातल्या पिंप्राळ्याला माहेरी आली, तेव्हा मला तिच्यापेक्षा तिच्या खोलीचा जास्त आनंद झाला. हे वाक्य चांगलं दिसत नाही, पण खरं आहे. त्या दिवसांत मला एका खोलीची फार गरज होती.

मी आई-वडिलांकडेच राहते, जळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करते. ती पाच वर्षांपासून करत होते. विषय असा की हवेतला विषारी वायू ओळखणारं छोटं यंत्र बनवायचं, ज्याला बॅटरी लागणार नाही आणि वायरही लागणार नाही. आकार क्रीमच्या बिस्किटाएवढा. त्याच्यावर टिन ऑक्साइडच्या कणांचा एक थर असतो, आणि ते कण इतके बारीक असतात की माणसाचा केस त्यांच्यापुढे विजेचा खांब वाटावा. वायू त्या थराला लागला की थरातून वाहणारी वीज बदलते. तो बदल यंत्र शेजारच्या खोलीतल्या एका डबीला बिनतारी कळवतं आणि डबी तो आकडा इंटरनेटवरून माझ्या फोनवर पाठवते. यासाठी लागणारी एवढीशी वीज यंत्र घरातल्या ट्यूबलाईटच्या उजेडातून स्वतःच मिळवतं. नातेवाइकांना मी हे एवढंच सांगायचे, आणि ते शांतपणे ऐकून घेऊन विचारायचे, "मग लग्नाचं काय?"

प्रयोगशाळेत यंत्र उत्तम चालत होतं. पण माझ्या सरांचं म्हणणं होतं की सिलिंडरमधला वायू काचेच्या पेटीत सोडून आकडे कोणीही आणेल, खऱ्या घरातल्या खऱ्या खोलीत महिनाभर लावून दाखव. सर तसे भले माणूस, फक्त त्यांना तुटक आलेख सहन होत नाही. आलेखाची रेघ मध्येच तुटलेली दिसली की ते चष्मा काढून डोळे चोळतात आणि आपल्याला आपण नापास झाल्यासारखं वाटतं.

बहिणीला मुलगी झाली. जानेवारीतली थंडी होती, आणि जळगावची थंडी ज्यांनी फक्त जळगावचा उन्हाळा ऐकलाय त्यांना खोटी वाटते. चौथ्या दिवशी दोघी दवाखान्यातून घरी आल्या आणि आईने मागच्या खोलीचा ताबा घेतला. खिडकीला गोधडी, दाराला जाड पडदा. बहिणीच्या कानात कापूस, डोक्याला फडकं. खाटेखाली शेगडी. सकाळी आणि संध्याकाळी अंघोळ झाली की शेगडीत कोळसे आणि गोवऱ्या फुलवायच्या, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, आणि माय-लेकींनी तासभर त्या उबेत पडून राहायचं. असं सव्वा महिना.

मी म्हटलं, "आई, बंद खोलीत कोळसा पेटवायचा नसतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. माणूस झोपेतच जातं."

"तुम्ही दोघी याच शेगडीवर शेकलेल्या आहात," आई म्हणाली. "कोण गेलं?"

याला शास्त्रीय उत्तर आहे, पण ते द्यायला समोरचा माणूस आई नसावा लागतो.

घरात आणखी एक सत्ता होती. गल्लीतली निम्मी पोरं जिच्या पायांवर न्हाऊन निघाली, ती मालीश करणारी अक्का. मीही तिच्याच पायांवरची. तिने माझ्या हातातलं यंत्र पाहिलं आणि अहिराणीत विचारलं,

"हाई काय शे व माय?"

"हवा तपासतं, अक्का."

"बठ्ठी?"

"सगळी नाही, या खोलीतली."

"मंग नाक कसाले शे?"

मी सांगितलं की या वायूला वासच नसतो. अक्काने तेल चोळता चोळता विचार केला आणि म्हणाली, "ज्याले वास नही, ते घान कसं राही?" बहीण खाटेवर पडल्या पडल्या हसली. मला राग आला, कारण प्रश्न वाईट नव्हता.

शेवटी आईनेच तोड काढली. ती पाटावर बसून वांगी निवडत होती, भरिताची. वांगं हातात फिरवत म्हणाली, "तुझं मशीन लाव भिंतीला. त्यानं वाईट सांगितलं तर शेगडी त्याच दिवशी बाहेर. माझा शब्द. पण त्यानं चांगलं सांगितलं, तर मग तू तोंड उघडायचं नाही."

मला हे फारच पटलं. अडाणी समजुतीसमोर विज्ञान उभं राहणार होतं, आणि शिवाय मला खोली मिळत होती. बाजारात बॅटरीवर चालणारी अशीच यंत्रं मिळतात, एक आणून शेगडीशेजारी ठेवलं असतं तरी काम झालं असतं. पण ती माझी नव्हती.

मी यंत्र ट्यूबलाईटसमोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या वर चिकटवलं. त्याच्यावर एक हिरवा ठिपका असतो. आकडा पाठवला की तो लुकलुकतो.

पहिल्या दोन दिवसांत एक अडचण आली. रात्री खोलीत अंधार, त्यामुळे यंत्र उपाशी, त्यामुळे रेघ तुटलेली. रात्री शेगडी नसायचीच, तेव्हा त्या आकड्यांशी मला काही कर्तव्य नव्हतं, पण सरांचा चष्मा डोळ्यांपुढे आला. म्हणून मी संगणकाला सांगितलं की जिथे आकडे नसतील तिथे आधीचं आणि नंतरचं टोक सरळ जोडून टाक. एका ओळीची आज्ञा. लिहायला मला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

त्यानंतर आलेख असा आला की बघत राहावं. सरळ, शांत रेघ. अधूनमधून तिला बारीकसं टेंगूळ यायचं, सकाळी साडेअकराच्या सुमारास आणि संध्याकाळी. सर म्हणाले, "ही खरखर आहे, गाळून टाक." मी गाळून टाकली. सर म्हणाले, "घरातली हवा इतकी स्वच्छ असते हे मला माहीत नव्हतं." मलाही नव्हतं. मी आठवडाभर वाट पाहिली आणि घरी जाऊन आईला सांगितलं, "हवा चांगली आहे."

आईने मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून, थंडी वाढली होती म्हणून, शेगडीत दोन गोवऱ्या जास्त घालू लागली. आधी माझ्या बडबडीमुळे ती दाराचा पडदा हातभर उघडा ठेवायची. आता ठेवेनाशी झाली.

बहिणीचं डोकं दुखायला लागलं. सकाळच्या शेकानंतर दुखायचं, दुपारी उतरायचं, संध्याकाळी परत. मळमळायचं. अक्का म्हणाली, ओली बाळंतीण शे, व्हस, म्हणजे होतंच असं. आईला दृष्टीचा संशय आला, कारण आदल्या दिवशी कोणी तरी बाळ बघून "किती गोरी" म्हणून गेलं होतं. तिने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या दोघींवरून ओवाळून शेगडीत टाकल्या. आमच्याकडे याचा नियम आहे: मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट होती, लागला तर नव्हती. आम्हाला असा ठसका लागला की वडील ओट्यावरून आत धावत आले. म्हणजे दृष्ट नव्हती. खोलीला आता दोन यंत्रांनी निर्दोष सोडलं होतं, एक माझं आणि एक आईचं. बहिणीने मला विचारलं, "ताई, तुझं मशीन नक्की बरोबर सांगतंय ना?" मी तिला फोनवरची रेघ दाखवली. ती म्हणाली, "मग असेल बाई अशक्तपणा."

शेकाच्या वेळची रेघ मात्र मी फक्त फोनवर बघत होते. शेक चालू असताना मी एकदाही त्या खोलीत गेले नव्हते.

तो रविवार होता. वडील, म्हणजे आमचे नाना, ओट्यावर पेपर वाचत होते, आई स्वयंपाकघरात कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती, अक्का बाळाला न्हाऊ घालून घरी गेली होती. मला माझा स्वेटर हवा होता आणि तो मागच्या खोलीच्या कपाटात होता. मी पडदा सारून आत गेले.

आत अंधार होता. खाटेखाली कोळशांची लाली, बाकी काही नाही. मी भिंतीकडे पाहिलं. हिरवा ठिपका लुकलुकत नव्हता.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की यंत्र बिघडलं. मी बटण दाबून ट्यूब लावली आणि ठिपक्याकडे बघत उभी राहिले. यंत्राला अंधारानंतर जागं व्हायला मिनिटभर लागतं. तेवढं मिनिट मी भिंतीकडे बघत होते. माझ्या पाठीमागे, दोन हातांवर, माझी बहीण आणि तिचं बाळ पडलेलं होतं, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ठिपका लुकलुकला. हातातला फोन वाजला. पडद्यावर जो आकडा आला तो मी आधी पाहिला होता, पण फक्त प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत, सिलिंडर उघडल्यावर.

मग मी वळले. तोंडावर एकदम उजेड पडला की माझी बहीण जन्मापासून किंचाळत आलेली आहे. ती किंचाळली नव्हती. मी तिला हाक मारली, ती "अं" म्हणाली आणि डोळे न उघडता परत गप्प झाली. मी बाळ उचललं. ते कापडाच्या घडीसारखं हातावर पडलं. मी खिडकीची गोधडी ओढली ती दांडीसकट खाली आली. खिडकी उघडली आणि बाळाला घेऊन ओट्यावर पळाले.

आई पिठाच्या हातांनी मागे धावली. "वारं लागी जाई तिले! डोकं फिरनं का तुनं!" आई एरवी आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलते. घाबरली की शिरपूरकडची होते, तिच्या माहेरची.

मी म्हटलं, "आई, तिला बाहेर आण. आत्ता. नाना, रिक्षा!"

माझ्या आवाजात काय होतं मला माहीत नाही, पण आई तशीच आत पळाली. तिने आणि नानांनी बहिणीला काखेत धरून बाहेर आणलं. बहीण ओट्याच्या कडेला बसून ओकली. ऊन लख्ख होतं, समोरच्या घरची बाई पापड वाळत घालता घालता थांबली होती. मी बाळाच्या तळपायांना टिचक्या मारत होते. हे बाळ आमच्या घरात अठरा दिवस होतं आणि त्या अठरा दिवसांत त्याच्या रडण्याने कोणाला धड झोप मिळाली नव्हती. मी कधी देवाकडे काही मागत नाही. त्या वेळी मी मागितलं, आणि नीट शब्दांत मागितलं, की हिला रडव.

ती रडली. आधी उचकीसारखं काहीतरी, आणि मग गल्ली ऐकेल असं. मी तिला घेऊन पायरीवरच बसले.

दवाखान्यात दोघींना काही तास ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "घरात शेगडी?" आईने मान खाली घातली आणि हो म्हणाली. डॉक्टर म्हणाले, दर हिवाळ्यात येतात, तुम्ही वेळेवर आणलं. तिसऱ्या प्रहरी बहीण उठून बसली, मला म्हणाली, "ताई, भूक लागली," आणि आईला म्हणाली, "रडू नको ना." तेव्हा मला कळलं की आई रडत होती.

बाहेरच्या बाकावर मी आईला यंत्राचं सगळं सांगितलं. यंत्र उजेडावर चालतं. शेकाच्या वेळी बाळाला झोप लागावी म्हणून अक्का ट्यूब बंद करायला सांगायची, त्यामुळे नेमकं त्याच तासात यंत्र बंद असायचं. शेक संपला की आई शेगडी बाहेर काढायची, दार उघडून केर काढायची, आणि मग ट्यूब लावायची. तोवर हवा जवळजवळ स्वच्छ झालेली असायची. जो जरासा अंश राहायचा, ते टेंगूळ मी गाळून टाकत होते.

आईने हे सगळं समजून घेतलं. ती चौथीच्या पुढे शिकली नाही, पण तिला एकदा सांगितलेलं पुरतं. तिने विचारलं, "मशीन बंद होतं तर मग ती रेघ कुठून आली?"

मी म्हटलं, "ती मी जोडली होती."

समोर एक कंपाउंडर खुर्ची दुरुस्त करत होता, आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो. मग ती म्हणाली, आणि रागावून नाही, "माले माहीत नव्हतं, म्हनीसन मी तुले इचारं. तुले माहीत नव्हतं, तं तू कोनले इचारं?"

पाच वर्षांत मला बरेच परीक्षक भेटले, आणि त्यानंतर तोंडी परीक्षेतही भेटले. हा प्रश्न कोणी विचारला नाही.

घरी आल्यावर आईने शेगडी मागच्या अंगणात नेऊन पालथी घातली आणि तिच्यावर तुळशीची जुनी कुंडी ठेवली. अक्का दुसऱ्या दिवशी आली, पालथी शेगडी पाहिली, आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि बाळाला घेऊन ओट्यावर उन्हात बसली. उरलेले दिवस तिने शेक उन्हाचाच दिला. बहिणीसाठी गरम पाण्याची पिशवी आणली. मी बाजारातून बॅटरीवर चालणारं यंत्र आणून खाटेच्या उशाशी ठेवलं, माझ्या यंत्राच्या खाली. ते दिसायला माझ्यापेक्षा बरं आहे.

सरांना मी नवा आलेख दिला. जोडणी काढून टाकलेला, टेंगळं परत घातलेला. तो आलेख नव्हता, उंदरांनी कुरतडलेली नाडी होती. सरांनी चष्मा काढला. "हे तुटक का आहे?"

"तेव्हा अंधार होता, सर."

"मग काय झालं त्या वेळात?"

मी त्यांना सांगितलं काय झालं. सरांनी डोळे चोळले नाहीत. चष्मा परत लावला आणि म्हणाले, "असंच राहू दे." प्रबंध आणखी एक वर्ष लांबला. आता माझं यंत्र उजेड गेला की बंद पडण्याआधी, उरल्यासुरल्या विजेवर, एकच निरोप पाठवतं: मला आता दिसत नाही. एवढीच माझी भर. बाकीचं लोकांनी आधीच केलेलं आहे.

सव्वा महिना झाला, बारसं झालं, आणि बहीण धुळ्याला गेली. निघताना तिने माझं यंत्र मागून घेतलं. मी म्हटलं, कशाला, तुमच्याकडे शेगडी नाही. ती म्हणाली, असू दे ना ताई, तू बघत जा. मी आईच्या फोनवरही आलेख चालू करून दिला, कारण तिने तसा हट्टच धरला. आकड्यांशी तिला काही देणंघेणं नाही. कोणता वायू, किती वर गेला, हे ती विचारत नाही. दिवसा ती एकच गोष्ट बघते.

परवा दुपारी मी जेवत होते. आई मेथी निवडत होती, फोन समोर पाटावर टेकवून ठेवलेला. तिचा हात एकदम थांबला.

"रेघ तुटनी," ती म्हणाली. "तिले फोन लाव."

"आई, बाळ झोपलं असेल, म्हणून ट्यूब बंद केली असेल."

"तुले माहीत शे का?"

मी खरकट्या हाताने फोन लावला. बहीण कुजबुजत म्हणाली, "आत्ता झोपलीय गं, लाईट बंद केली म्हणून. खिडकी उघडी आहे. काय झालं?"

आईने फोन माझ्या हातातून घेतला. "उठाड तिले."

"आई, दोन तासांनी झोपलीय!"

"उठाड."

पलीकडे काही वेळ नुसती खुडबूड ऐकू आली. मग बाळ रडायला लागलं, आधी कुरकुर आणि मग पूर्ण ताकदीने. आईने फोन कानाला लावून ठेवला आणि ते रडणं ऐकत राहिली. बहीण मधून मधून काही बोलत होती, आईचे कान बाळाकडेच होते. बाळ दम घ्यायला थांबलं की आईचाही श्वास थांबायचा, ते परत सुरू झालं की सुटायचा.

"हां," आई शेवटी म्हणाली. "आते निजू दे."

तिने फोन पाटावर ठेवला आणि मेथीची जुडी पुढे ओढली.